लोखंडातली माया

माया म्हणजे जीव लावणं, हे कुठल्याही मराठी माणसाला माहीत असतं. शिवणकाम येणाऱ्या बायकांना दुसरा अर्थही माहीत असतो. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, तीही माया. पुढे अंग भरलं तर उसवून सोडता यावं म्हणून ती ठेवायची. तिसरा अर्थ मी लखनौला शिकले, आणि तो शिकवणाऱ्या बाई त्या वेळी एका जुन्या जीपखाली चादर पसरून उताण्या पडल्या होत्या. मला त्यांच्या पातळाचा काठ आणि कॅनव्हासचे बूट एवढंच दिसत होतं. आतून आवाज आला, "अगं, हिच्यात माया फार आहे. पोटात सगळं सैल झालंय. चल, निघू."

आम्ही त्यांना बाई म्हणत होतो, कारण मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरांत आम्हा चार मराठी बायकांना त्या रविवारी शिवण शिकवायच्या. बाकीची कॉलनी त्यांना मॅडम म्हणे, आणि पाठीमागे जीपवाली मॅडम. मूळच्या मिरजेच्या. रेल्वेच्या संशोधन कचेरीत यंत्रांची ड्रॉइंगं तपासणाऱ्या विभागात मोठ्या हुद्द्यावर होत्या. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, हे विचारायची हिंमत अख्ख्या कॉलनीत मी एकटीने केली, तर म्हणाल्या, "वेळ झाला नाही." आणि पुन्हा काजं करायला लागल्या. मला ते उत्तर इतकं आवडलं की पुढे मी स्वतःही ते भलत्याच प्रश्नांना वापरलं.

विनय हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. "हे मला येतं," असं त्या म्हणायच्या तेव्हा त्यात फुशारकी नसे की संकोच नसे. घराचा पत्ता सांगावा तसं सांगायच्या. फौजेच्या लिलावातून घेतलेली एक जीप त्यांच्या दारात उभी असे आणि तिच्यातला एकूण एक दाता त्यांनी स्वतः धुऊनपुसून बसवलेला होता. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मागच्या खोलीत गिअरची सुटी चाकं, आणि दोन्हीकडे तेलाची तीच कुपी. आमच्यातल्या एकीच्या नव्या ब्लाउजला वंगणाचा डाग पडला तेव्हा त्या तिलाच म्हणाल्या, "यंत्राजवळ पांढरं आणायचं कशाला?"

स्वतःच्या प्रत्येक ब्लाउजला त्यांनी उजव्या बाजूला खिसा लावलेला असे. आमच्यातल्या बायका आधी खूप हसल्या, मग दोघींनी हळूच तसे खिसे करून घेतले. बाईंच्या खिशात शिंप्याचा निळा खडू असायचा. कापडावर रेघ मारायची ती त्याच खडूने आणि लोखंडावर मारायची तीही त्याच खडूने.

आता ती लोखंडावरची रेघ काय, ते सांगायला हवं. साध्या गाडीला मागची चाकं ढकलतात. जीपमध्ये गिअरशेजारी एक छोटा लिव्हर असतो. तो टाकला की पुढची चाकंही ओढायला लागतात. चिखलात आणि वाळूत तोच लिव्हर कामाला येतो. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जातो तो लांब दांड्यांमधून, सांध्यांमधून आणि दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा दिसतो ना, त्याच्या पोटातल्या दात्यांमधून. जुन्या गाडीत हे सगळं झिजतं. बाई जीपखाली जाऊन दांडा आणि गोळा यांच्या जोडावर खडूची एक सरळ रेघ मारत आणि दांडा हाताने पिळत. गोळ्यातला दाता जागचा हलायच्या आधी दांडा जितका फिरायचा, तितकी रेघ मधोमध तुटायची. त्या तुटलेल्या अंतराला बाई माया म्हणत. मेकॅनिक लोकांचा त्याला वेगळा शब्द आहे, बाईंना तो माहीत होता, पण त्या म्हणायच्या, "तो शब्द त्यांचा. मी आधी शिवण शिकले, मग यंत्रं."

इंजिन त्या बघायच्याच नाहीत. "इंजिन कुणीही बदलून देतं. रंग बघायचा असेल तर होळीला ये." गाडीखालच्या त्या गोळ्याचं बूच उघडून त्या तेलात बोट बुडवत, चोळत, हुंगत. तेल काळं असलं तर ठीक. तेल नवंकोरं असलं की त्यांची भुवई चढे. काल घातलेलं तेल काहीतरी झाकायला घातलेलं असतं, असं त्यांचं ठाम मत. एकदा त्या तेलात लाकडाचा भुसा निघाला, दात्यांची घरघर दाबायला कोंबलेला. त्या दिवशी विकणाऱ्याला त्यांनी भुसा तळहातावर ठेवून दाखवला आणि विचारलं, "यह कौनसा झाड का है?"

विकणाऱ्याच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा नियम. थर्मासमधून स्वतःचा चहा न्यायच्या. मी म्हटलं, बाई, लखनौत हे उद्धटपणाचं दिसतं. त्या म्हणाल्या, "मिरजेतही दिसतं. पण खाल्ल्यावर नाही म्हणता येत नाही. मुलगी बघायला गेलेल्या लोकांना विचार."

मला जीप हवी होती, आणि ती शौकासाठी नाही. मी जनावरांची डॉक्टर. नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीपायी लखनौला आले, रेल्वे कॉलनीला लागून घर भाड्याने घेतलं आणि मलिहाबादच्या बाजूच्या गावांत फिरता दवाखाना सुरू केला. आधी स्कूटर होती. उन्हाळ्यात जमायचं. पावसाळ्यात गोमतीच्या कछारातल्या, म्हणजे नदीकाठच्या गाळपेरीच्या गावांना जाणारे कच्चे रस्ते असे होत की स्कूटर ढकलत न्यावी लागे, आणि मी पोचेपर्यंत म्हैस मेलेली असे. मागच्या पावसाळ्यात असं इतक्या वेळा झालं होतं की लोकांनी बोलावणंच कमी केलं. तेव्हा एका औषध कंपनीने मला खुर्चीची नोकरी देऊ केली. जूनअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. जीप मिळाली तर दवाखाना, नाहीतर खुर्ची, असा सरळ हिशेब होता. आणि पैसे एकाच जीपपुरते होते. ती चुकीची निघाली असती तर दुसरी घेता आली नसती.

म्हणून मी बाईंना घेऊन जीपा बघत हिंडत होते, आणि बाई एकेक जीप नापास करत होत्या.

जानकीपुरमच्या एका ठेकेदाराची जीप मला फार आवडली होती. अर्धवट बांधलेल्या घरांच्या मधे, विटांच्या ढिगाशेजारी ती उभी होती. ठेकेदाराने समोसे मागवले, बाईंनी थर्मास उघडला, मग चादर पसरली आणि थोड्या वेळाने मघाशी सांगितलं ते वाक्य आतून आलं. ठेकेदाराला मराठी कळत नव्हतं, पण माया हा शब्द त्याने उचलला.

"क्या कहा मैडम ने?"

बाई बाहेर आल्या, पातळ झटकलं आणि त्यांच्या मिरजेच्या हिंदीत म्हणाल्या, "आपकी गाड़ी में माया बहुत है. इसलिए नहीं लेंगे."

ठेकेदाराला काही कळेना. "माया बहुत है, इसलिए नहीं लेंगी?"

"थोड़ा होता तो लेते. इतना माया हमको नहीं चाहिए."

"मैडम, माया होती तो हम गाड़ी बेचते काहे को," तो कळवळून म्हणाला. त्याच्या हिंदीत माया म्हणजे पैसा आणि मोह. मग त्याने बाईंच्या सुती पातळाकडे बघितलं, गळ्यात मंगळसूत्र नाही हे बघितलं आणि चक्क हात जोडले. मला वाटतं, दारात एखादी जोगीण येऊन उपदेश करून गेली अशी त्याची समजूत झाली असावी. बाईंना यात हसण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही. मी मात्र परतताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

त्यानंतरच्या जीपच्या वेळी मी हसले नाही. जून अर्धा सरला होता. ती जीप अगदीच काही वाईट नव्हती, पण पुढे-मागे करताना खट्ट असा आवाज आला आणि बाई "नको" म्हणाल्या. परत येताना त्या चालवत होत्या आणि माझं डोकं फिरलं.

"बाई, तुम्ही आजवर कुणाला घे म्हणालात?"

"घे असं नाही म्हणाले कुणाला."

"मग बरोबरच आहे. नको म्हणणाऱ्याचं कधी चुकत नाही. तुम्ही नको म्हटलेली जीप कशी चालते, हे बघायला कोण जातंय? चुकायची पाळी घे म्हणणाऱ्यावर येते. तुमचा नावलौकिक राहतो आणि मी जाऊन खुर्चीत बसते."

हे बोलल्याचा मला तेव्हाही पस्तावा झाला नाही आणि आजही नाही. कुणीतरी ते बोलायला हवं होतं. बाईंनी चारबागच्या गर्दीतून गाडी काढली, क्वार्टरशी थांबवली, किल्ली काढली आणि म्हणाल्या, "मलिहाबादचा कुणी बागवाला जीप विकतोय म्हणालीस ना? रविवारी सकाळी जाऊ. शिवणाच्या वर्गाला सुट्टी."

वर्गाला सुट्टी त्यांनी तोवर कधी दिली नव्हती.

मलिहाबादचे ते बागवाले म्हणजे साठीचे एक मियाँ साहेब. पांढराशुभ्र कुर्ता, मेंदीने रंगवलेली दाढी आणि दसहरी आंब्यांची मोठी बाग. त्यांच्या बकऱ्यांना मी औषध देत होते, तेव्हापासूनची ओळख. आम्ही उतरलो तेव्हा झाडाखाली बादलीत आंबे गार पाण्यात सोडून ठेवलेले होते.

"आइए, तशरीफ़ रखिए. पहले आम, फिर काम."

"पहले काम," बाई म्हणाल्या.

मियाँ साहेबांना राग आला नाही, उलट मौज वाटली. "जैसी आपकी मर्ज़ी. मगर एक बात अर्ज़ कर दूँ, बीबी. चारों पहिये खींचते हैं. यह ज़बान है हमारी."

बाई खाली गेल्या. खडू काढला. मी वाकून त्यांचा चेहरा बघायचा प्रयत्न करत होते. मग बाहेर येऊन त्यांनी बोटावरचा निळा डाग बघितला आणि मला म्हणाल्या, "माया नखाएवढी आहे. तेवढी हवीच. मुळीच नसली तर दाते एकमेकांना खातात." तेल काळं होतं, भुसा नव्हता, सांधे घट्ट होते.

मग त्यांनी मियाँ साहेबांना सांगितलं की लिव्हर टाका, चारही चाकं लावा आणि फाटकाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून एक फेरी मारा. मियाँ साहेब स्वतः बसले. जीप अशी गोल फिरली की बघत राहावं. ना आवाज, ना धक्का.

"देखा? मक्खन," ते खाली उतरत म्हणाले. बागेतली माणसं जमली होती, त्यांनीही माना डोलावल्या. मीही डोलावली.

बाई मला हळूच म्हणाल्या, "इथेच गोम आहे. कडक रस्त्यावर चारही चाकं लावून वळलं की गाडीने कण्हायला हवं. पुढच्या चाकांना मोठी फेरी पडते, मागच्यांना लहान, आणि दोन्ही एकमेकांना बांधलेली. टायर घासतात, स्टिअरिंग जड होतं. ही कण्हली नाही. म्हणजे पुढची चाकं बांधलेलीच नाहीत."

हे त्यांनी चारचौघांत हिंदीत सांगितलं असतं तर मियाँ साहेबांची ज़बान, म्हणजे दिलेला शब्द, तिथेच खोटी पडली असती. बाईंना असलं भान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी जमलेल्या माणसांना आपल्या जीपमधून जॅक आणायला पाठवलं, तो आल्यावर त्यांना आंबे खायला पाठवलं, आणि मग चादर पुढच्या चाकाशी पसरून मियाँ साहेबांना म्हणाल्या, "आप ही देखिए."

मियाँ साहेब त्या पांढऱ्या कुर्त्यात चादरीवर बसले. बाईंनी पुढचं एक चाक उचललं. गिअर टाकलेला, लिव्हर टाकलेला. अशा वेळी ते चाक हाताने हलता कामा नये. बाईंनी ते एका बोटाने फिरवलं आणि ते फिरत राहिलं. मियाँ साहेबांनी ते थांबवलं, स्वतः फिरवून बघितलं.

"गाड़ी लिया तब साथ में कुछ लोहा मिला था?" बाईंनी विचारलं.

त्यांनी आठवून आठवून सांगितलं की हो, एक पोतं मिळालं होतं, त्यात लोखंडाचे दोन दांडे होते, एका टोकाला गाठ असलेले. कशाचे ते कुणाला कळलं नाही. एक अजून पोत्यात असेल. दुसरा, आणि इथे त्यांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना, दुसरा आंब्यांच्या गोदामाच्या दाराला अडसर म्हणून लावला होता.

डिझेल वाचावं म्हणून आधीच्या मालकाने पुढच्या चाकांचे दांडे काढून ठेवले होते. लिव्हर जागच्या जागी होता, तो टाकला की खटकन आवाज यायचा, आणि एवढ्यावर सगळी बाग समाधानी होती.

"या अल्लाह," मियाँ साहेब उठत म्हणाले, "इतने बरस हम दो पहियों पर चार पहियों का घमंड करते रहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर साहिबा, अब यह गाड़ी ऐसे नहीं बिकेगी. ज़बान पहले पूरी होगी."

त्यांनी दांडे घासूनपुसून बसवून घेतले. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो, म्हणजे शिवणाला पुन्हा सुट्टी. त्या दिवशी फेरी बाईंनी स्वतः मारली. स्टिअरिंग वळवता वळवता त्यांचे खांदे वर आले, टायर डांबरावर कर्रर्र घासले, जीप थरथरली आणि अर्ध्या फेरीतच बंद पडली. मला वाटलं, संपलं. बाई खाली उतरल्या. लिव्हर काढून, पुन्हा टाकून, कच्च्या रस्त्यावर शेतातून एक चक्कर मारून आल्या. चादर पसरली, खाली गेल्या, बाहेर आल्या. हात पुसले. आंब्याच्या झाडाकडे बघत, माझ्याकडे नाही, त्या म्हणाल्या, "घे."

मग आंबे झाले. मी खाल्ले, मियाँ साहेबांनी आग्रह करून वाढले. बाईंनीही खाल्ला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी औषध कंपनीला नकार कळवला. कॉलनीत मात्र जीपपेक्षा बाई "घे" म्हणाल्या याचीच चर्चा जास्त. माझ्या नवऱ्याने तर मला दोनदा विचारलं, नक्की घेच म्हणाल्या ना?

जुलैत पाऊस लागून राहिला होता. एका दुपारी कछारातल्या एका गावातून माणूस सायकल हाणत आला. म्हैस अडली होती, पहिलं वेत, सकाळपासून कळा देत होती. त्या घरात ती एकच म्हैस. मी पेटी टाकली आणि जीप बाहेर काढली, तर फाटकाशी बाई उभ्या. छत्री, कॅनव्हासचे बूट, पातळ खोचलेलं. मला थांबवलं आणि शेजारी चढून बसल्या.

"बाई, तुमचं ऑफिस?"

"सकाळी पाऊस बघूनच रजा टाकली."

"अहो, पण तुम्ही कशाला?"

"घे म्हटलंय मी. अडकली तर मीही आत असले पाहिजे."

डांबरी संपली तिथून पुढे रस्ता नव्हताच, दोन बांधांच्या मधे चिखलाचा पाट होता. मधोमध एक ट्रॅक्टर अर्ध्या चाकापर्यंत रुतून बसला होता आणि त्याचा मालक आम्हाला लांबूनच हात हलवून परत जायला सांगत होता. मी थांबले. बाईंकडे बघितलं. मी लिव्हर टाकला, खालचा गिअर घातला आणि ट्रॅक्टरच्या बाजूने शेतात उतरवली. जीप आधी बाजूला घसरली, मागून बसायला लागली आणि मागची चाकं नुसती फिरायला लागली. बाई अर्ध्या बाहेर लोंबकळून पुढच्या चाकाकडे बघत होत्या. पाऊस त्यांच्या तोंडावर येत होता.

"ओढतंय," त्या म्हणाल्या. "सोडू नकोस. ओढतंय."

पुढची चाकं खरंच ओढत होती. स्टिअरिंगमध्ये ते माझ्या तळहातांना कळत होतं. जीप एकेक हात पुढे सरकत वर आली आणि बांधावर चढली.

म्हशीचं पारडू आडवं आलं होतं. ते फिरवून काढायला बराच वेळ लागला, माझे हात खांद्यापर्यंत भरले, पण ते जिवंत निघालं आणि म्हैसही उभी राहिली. घरातली म्हातारी माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी हात धुऊन ओसरीवर आले तर बाई खाटेवर बसलेल्या. कुणीतरी दिलेला चहाचा ग्लास त्यांच्या हातात होता आणि तो नुसता थरथरत होता. चहा पातळावर सांडत होता, त्यांना पत्ता नव्हता.

"बाई, थंडी वाजतेय का?"

"नाही." मग म्हणाल्या, "भीती वाटली गं. नको म्हणायला कधी भीती वाटली नव्हती. तू म्हणालीस ते खरं होतं."

"मग घरी बसायचं होतं. मी सांगितलं असतं येऊन."

"घरी बसून जास्त वाटली असती."

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी हात लावला नव्हता, तो मनगट धरून ग्लास स्थिर करायला लावला. तेवढ्यात ट्रॅक्टरवाला चिखलाने माखलेला आला, अंगणातल्या जीपला एक फेरी मारली आणि मला विचारलं, "डॉक्टर साहिबा, ऐसी गाड़ी मिली कहाँ?"

मी उत्तर द्यायच्या आत बाई म्हणाल्या, "मिली नहीं. मैंने पसंद की है."

बोलण्यात ताठा तोच होता. मला इतका अभिमान वाटला, त्यांचा आणि त्यांनी पसंत केलेल्या जीपचा, आणि खरं सांगायचं तर माझाही. त्यांच्या सगळ्या नकारांमधला एकुलता एक होकार माझ्या वाट्याला आला होता, आणि तो त्यांनी चिखलातून स्वतः सोबत येऊन पुरा केला होता. ट्रॅक्टरवाला अजून माझ्याकडेच बघत होता. मी त्याला सांगितलं, "हाँ, इन्होंने पसंद की है. हमको तो बस चलानी आती है."